भरावाच्या पलीकडे माय होती

मला मोठ्या आवाजाची भीती वाटते. अजूनही वाटते. लग्नात फटाक्यांची माळ लावायला कुणी उदबत्ती घेऊन वाकलं की मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला निघून जाते. आणि तरीही आयुष्याची सहा-सात वर्षं मी रायफल चालवली, तीही बहुतेक वेळा पुरुषांच्या रांगेत पडून. हे ऐकलं की लोकांना वाटतं, नेमबाजीनं माझी भीती घालवली असेल. तसं काही झालं नाही.

आमचं गाव तलवाड्यापासून सायकलनं अर्ध्या तासावर. मी तिसरीत होते त्या वर्षी पाऊस झाला नाही आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विहीर आणखी खाली न्यायची ठरवली. तळाला काळा पाषाण लागला होता. खडकात भोकं पाडायची, त्यांत सुरुंगाचे बार भरायचे, वाती पेटवून वर यायचं, बार उडाले की उतरून दगड भरायचे, असं काम चाले. मी लिंबाखाली बसून आवाज मोजायची. सहा बार भरले असले तर सहा आवाज. त्या दिवशी मला पाचच ऐकू आले.

"पाचच झाले," मी म्हणाले.

"दोन संगंच उडाले आसतील," बार लावणारा गडी म्हणाला. मी नऊ वर्षांची. मी पुन्हा काही बोलले नाही. आबा खाली उतरले आणि राहिलेला सहावा बार त्यांच्या हातातल्या पहारीखाली उडाला.

आबा वाचले. उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि त्याच बाजूचा कान गेला. त्यानंतर कुठं टायर फुटला तरी मी बाजेखाली शिरायची आणि पुष्कळदा कपडे ओले व्हायचे. माय, म्हणजे आई, काही न बोलता फरशी पुसायची.

अकरावीला मी तालुक्याच्या कॉलेजात गेले आणि एनसीसीत नाव घातलं. कारण साधं होतं. परेडनंतर नाश्ता मिळायचा आणि वर्षाचे दोन ड्रेस मिळायचे. गोळीबार असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कळलं तेव्हा पालकांच्या सहीचा कागद घेऊन मी घरी आले. मनातून वाटत होतं की आबांनी नाही म्हणावं, म्हणजे सुटेन.

आधी मायच बोलली. "चारचौघांत पालथं पडायचं? पोरीच्या जातीनं? लोकं काय म्हनतील?"

आबांनी डावा कान माझ्याकडं केला. "बंदुकीच्या म्होरं कोन आसतं?"

"कुणीच नसतं. कागद असतो."

"इहिरीत बी कुनी नसाया पायजे व्हतं," आबा म्हणाले. मग बराच वेळ कागद हातात धरून बसले. मला वाटलं, सुटले. पण त्यांनी पेन मागितलं आणि डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली. "जा," म्हणाले. "बाजंखाली किती दिवस बसशील?"

आम्हाला शिकवायला फौजेतले एक हवालदार होते. सगळी मुलं त्यांना उस्ताद म्हणायची. साताऱ्याकडचे, बोलणं कमी. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात रायफल दिली तेव्हा माझे दात वाजत होते. कानात कापूस कोंबला, जमिनीवर पडले, रायफलीचं मागचं लाकूड, कुंदा, खांद्याला लावला. पुढं पंचवीस यार्डांवर कागद. उस्ताद म्हणाले, "घोडा दाब."

माझ्यानं दाबवेना. आवाज होणार, हे माहीत होतं आणि तो मला नको होता. म्हणून मी घोडा इतका हळू दाबला, इतका हळू, की गोळी कधी सुटली ते मलाच कळलं नाही. डोळे मात्र मिटले नाहीत. विहिरीच्या दिवसापासून मला न बघता आवाज ऐकणं बघून ऐकण्यापेक्षा अवघड वाटायचं. पाच गोळ्यांना मी एवढा वेळ घेतला की शेजारची मुलं उठून कपडे झटकत होती.

उस्तादांनी माझा कागद आणला. पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ होती. त्यांनी माझ्याकडं, मग कागदाकडं पाहिलं.

"आधी कुणी शिकवलंय?"

"नाही. मला भीती वाटते."

"ते दिसतंच आहे. न घाबरणारी माणसं घोडा हिसका देऊन ओढतात, म्हणून गोळी कुठंही जाते. घोडा असाच दाबायचा असतो. हे शिकवायला मला सहा महिने लागतात." मग जरा थांबून म्हणाले, "यात ताकद लागत नाही. फौजेत मी बायकांना पुरुषांच्या पुढं गेलेलं पाहिलंय. तू येत जा."

मी जात राहिले. प्रत्येक वेळी मी रेंजवर जाण्याआधी दोनदा बाथरूमला जायची. गोळी लागायची मात्र तिथंच.

पुढच्या वर्षी पुन्हा दुष्काळ पडला, आणि तो आधीच्यापेक्षा वाईट होता. मायच्या दोन गाई आणि एक वासरू होतं. गावच्या दूध सोसायटीत सकाळ-संध्याकाळ दूध घालून आमचं घर चालायचं. दिवाळीनंतर कडबा संपला. हिरवं तर कुठं नव्हतंच. आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याला त्या वर्षी ऊस मिळाला नाही, बॉयलर पेटलाच नाही, आणि संचालक मंडळानं कारखान्याच्या रिकाम्या जागेवर जनावरांची छावणी उघडली. माणसं आपापली जनावरं घेऊन तिथं राहायला गेली. मायही गेली. आबा घर सांभाळायला मागं राहिले. मी कॉलेजच्या वसतिगृहात. शनिवारी बसनं छावणीत जायची, मायजवळ राहायची, रविवारी परत यायची.

छावणी कारखान्याच्या पाझर तलावाला लागून होती. तलाव कोरडा ठाक पडला होता, तळाला भेगा. तलावाचा मातीचा भराव दोन पुरुष उंच. भरावाच्या एका अंगाला छावणी, दुसऱ्या अंगाला कोरडा तळ.

सहकार सप्ताहात कारखान्यानं खेळांच्या स्पर्धा ठेवल्या. जिल्ह्यातल्या सगळ्या सहकारी संस्थांना, पोलिसांना, होमगार्डांना, कॉलेजांना आमंत्रण. त्यात नेमबाजीही होती. उस्तादांनी मला न विचारता माझं नाव घातलं. आणि नेमबाजीची जागा ठरली ती तलावाच्या कोरड्या तळात. भराव हाच गोळ्या अडवणारा बांध.

ते कळलं तेव्हा मी उस्तादांकडं धावत गेले. "उस्ताद, भरावाच्या पलीकडं छावणी आहे. माझी माय आहे तिथं."

"भराव उंच आहे. मी पाहून आलोय. निशाण पायथ्याशी लावणार. दोन्ही टोकांना लाल झेंडा आणि पहाऱ्याला माणूस."

"आणि वर कुणी चढलं तर?"

"म्हणून तर पहारा," ते म्हणाले. तरीही ते स्वतः पुन्हा जाऊन पाहून आले, आणि तेवढ्यानं माझं समाधान झालं असं मी म्हणाले. झालं नव्हतं.

स्पर्धेच्या सकाळी छावणीत मायला मी सगळं सांगितलं. ती शेण भरत होती. हात थांबले. "म्हंजी तू हिकडं तोंड करून मारनार?"

"मधी भराव आहे माय. गोळी मातीत जाते."

"मातीतून पार हुत न्हाई?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि पाटी उचलून गेली. तिच्या पाठीवरून मला कळलं की तिला पटलेलं नाही.

नावं लिहून घ्यायला कारखान्याचे एक कारकून टेबल टाकून बसले होते. मला खाकी कपड्यांत पाहून म्हणाले, "पोरींसाठी रांगोळी हाय, संगीत खुर्ची हाय. हिकडं काय?"

"नेमबाजी," उस्ताद म्हणाले.

"त्यात बायांचा गट न्हाई, साहेब."

"पत्रकात काय लिहिलंय वाचा. खुली स्पर्धा. पुरुष असं कुठं लिहिलंय?"

कारकुनांनी पत्रक दोनदा वाचलं. मागं रांगेत कुणीतरी हसून म्हणालं, "आरं, ही रडाया लागली तर उचलून कोन न्यायचं?" बाकीचेही हसले. कारखान्याच्या पहारेकऱ्यांचे मुख्य, मिशा पांढऱ्या झालेले माजी सैनिक, टेबलाशी उभे होते. ते हसले नाहीत. "घ्या लिहून," म्हणाले. "आमाला कशाचं भ्या हाय?"

एका वेळी सहा जण पडायचे. प्रत्येकाला दहा गोळ्या, पाच-पाचच्या दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीला वेळेची मर्यादा. माझ्या उजवीकडं ते माजी सैनिक, डावीकडं एक पोलीस. मी पालथी पडले तेव्हा पाठीमागं जमलेल्या गर्दीतून कुणीतरी काहीतरी बोललं, काय ते ऐकू आलं नाही, पण पाय जवळ ओढून घ्यावेसे वाटले. पुढं कागद, कागदामागं पिवळी माती, मातीच्या वर आभाळ. भरावापलीकडं माय बसली असेल, कानावर हात ठेवून. प्रत्येक गोळीआधी माझ्या मनात तेच यायचं. श्वास अर्धा सोडून धरायचा, घोड्यावर बोट, आणि मनात माय. पहिल्या फेरीत मला पन्नासपैकी सत्तेचाळीस मिळाले. माजी सैनिकांनाही सत्तेचाळीस. मागची कुजबुज थांबली.

दुसरी फेरी सुरू झाली. मी दोन गोळ्या झाडल्या. तिसरीसाठी बोल्ट ओढून पुन्हा गाल टेकवणार, तेवढ्यात भरावाच्या माथ्यावर काहीतरी हललं. लाल. मला वाटलं, झेंडा. पण झेंडा डाव्या टोकाला होता आणि हे मधोमध. मी मान उचलली. पुन्हा पाहिलं तर काही नव्हतं. उन्हानं डोळ्यांपुढं येतं तसं असेल.

आता जे सांगते ते मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितलं नाही. त्या क्षणी मला वाटलं, ओरडावं. आणि लगेच वाटलं, ओरडले आणि वर कुणी नसलं तर? पोरगी घाबरली, म्हणतील. मगाचा हसणारा पुन्हा हसेल. सगळ्यांची फेरी मोडेल. मी मान खाली घेतली, गाल कुंद्याला टेकवला आणि गोळी झाडली.

त्या गोळीच्या आवाजानंतर भरावाच्या माथ्यावर एक वासरू आलं, तांबडं, शेपूट वर केलेलं. आणि त्याच्या मागं एका म्हातारीचं डोकं, मग खांदे. लाल लुगडं. ती एका हातानं वासराच्या दाव्याला धरू पाहत होती.

"थांबा!" मी ओरडले. "वर मानूस हाय! थांबा!"

माझा आवाज पहिल्यांदा फाटला, कुणाला कळलं नाही. पोलिसानं आणखी एक गोळी झाडली. मी रायफल खाली ठेवून उभी राहिले आणि दोन्ही हात वर करून किंचाळले. मागून उस्तादांची आरोळी आली, "फायर बंद! फायर बंद!" आणि सगळं शांत झालं. इतकं शांत की वासराच्या गळ्यातली घंटा ऐकू आली.

"काय झालं हिला?" कुणीतरी म्हणालं. मग सगळ्यांना ती दिसली. म्हातारीनं वासराला मिठी मारली होती आणि आमच्या सहा जणांच्या रांगेकडं बघत ती भरावावर तशीच बसून राहिली होती. उजव्या टोकाचा पहारेकरी चहा प्यायला गेला होता. उस्ताद त्याला शोधत पळाले आणि नंतर त्यांचा आवाज छावणीपर्यंत ऐकू गेला असं माय सांगायची.

मी खाली बसले. ते माजी सैनिक माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, शाबास. आमचं ध्यान कागदाकडंच व्हतं." मला वर बघवेना.

अर्ध्या तासानं दोन्ही टोकांना दोन-दोन माणसं उभी करून राहिलेल्या गोळ्या झाडायला लावल्या. झाडलेल्या गोळ्या धरायच्या, असं पंचांनी ठरवलं. मी पुन्हा पालथी पडले. रायफलीचं पुढचं टोक कागदावर गोल गोल फिरत होतं. पण बोट मात्र सवयीनं हळूच दाबलं गेलं. सगळे कागद आणले. माझे दहा गोळ्यांचे गुण माजी सैनिकांपेक्षा एकानं जास्त भरले. आणि माझा कागद हातात घेतला तेव्हा मला दुसऱ्या फेरीतली ती तिसरी गोळी ओळखू आली, कारण ती इतरांपासून थोडी बाजूला, पण बरोबर दहाच्या आत बसली होती.

बक्षीस पुरुषाचं पँटपीस होतं. चेअरमननी ते देताना म्हटलं, "वडिलांना द्या." टाळ्या झाल्या. माजी सैनिकांनी सगळ्यांत मोठ्यानं वाजवल्या. मगाचा हसणारा माणूस माझ्यासमोरून गेला आणि मान हलवून म्हणाला, "मानलं ताई." त्यातलं काहीच माझ्या मनापर्यंत पोचलं नाही.

उस्ताद मला बाजूला घेऊन गेले. पाण्याच्या टँकरच्या सावलीत. ते हळू आवाजात म्हणाले, "तू आधी पाहिलं होतंस."

मी हातातलं पँटपीस दुमडू लागले.

"मी तुझ्या मागं उभा होतो. तू मान उचललीस. मग खाली घेतलीस आणि मारलीस."

"मला वाटलं, लोक हसतील."

"हसू देत की." त्यांचा राग मी पहिल्यांदाच पाहिला, पण त्यातही ते माझ्यावर ओरडले नाहीत. "मीही पाहायला हवं होतं. पहारा मी लावला होता. माझीही चूक आहे. पण तू लक्षात ठेव. मान उचलली की तोंड उघडायचं. खोटं ठरलं तर ठरलं."

छावणीत गेले तर मायजवळ ती म्हातारी बसली होती. वडवणीकडची, दोन बैल घेऊन आलेली, आमच्या शेजारच्याच दावणीची. वासरू आमचंच होतं. गोळीबाराच्या आवाजानं बुजून त्यानं दावं तोडलं होतं. माय डोकं पदरात घालून बसली होती, तिला उठवेना, म्हणून म्हातारी त्याच्यामागं धावली होती. माझं तोंड बघताच तिनं माझे दोन्ही गाल हातांत घेतले. "तुज्यामुळं वाचले गं माय. समद्यांत तूच वरडली."

मायनं भाकरी आणि ठेचा पुढं ठेवला. म्हातारी मला घास भरवायला बघत होती. मी तिचा घास हातात घेतला आणि भाकरीवर ठेवून दिला. तिच्या लुगड्याचा लाल रंग मला जवळून दिसत होता, काठाला मळलेला, आणि मी मनात मोजत होते की ती गोळी निघाली तेव्हा ती भरावाच्या माथ्यापासून किती खाली होती. हातभर? दोन हात? मायनं विचारलं, "काय झालं? जिंकली न्हवं?" मी म्हणाले, "दमले."

त्यानंतर मी पुढं खेळले. विद्यापीठाच्या संघात होते, दोनदा राज्य पातळीवर गेले. काही स्पर्धांत मुलींचा गट वेगळा असायचा, काहींत सगळे एकत्र. एकत्र असलं की मला जास्त बरं वाटायचं, कारण मग कुणी माझ्या गुणांपुढं "मुलगी असून" असं म्हणू शकत नसे. पुरुषांच्या पुढं मी कधी गेले, कधी मागं राहिले. ताकदीचा त्यात संबंध नव्हता, पुष्कळदा फक्त झोप कशी झाली यावर ठरायचं. मात्र प्रत्येक ठिकाणी मी स्पर्धेआधी निशाणांच्या मागं जाऊन भिंत बघून यायची. पक्की सिमेंटची भिंत असली तरी. संघातली मुलं हसायची. मी हसू द्यायची. दोनदा मी विनाकारण "थांबा" ओरडले, एकदा कावळा होता आणि एकदा काहीच नव्हतं. त्या दुसऱ्या वेळी पंचांनी मला बाद केलं.

माय गेली तेव्हा तिला ही गोष्ट माहीत नव्हती. ते मला खुपत राहिलं. म्हणून मग मी ठरवलं की निदान म्हातारीला सांगायचं. तिच्या गावाचं नाव मला आठवत होतं. वडवणीला बसनं उतरले, तिथून रिक्षानं गेले. ती जिवंत असेल याची खात्री नव्हती. ती ओसरीवर बसलेली होती, डोळ्यांनी अधू झालेली. कारखान्याची छावणी म्हटल्यावर तिला लगेच आठवलं.

मी तिच्यासमोर बसले. बोटं एकमेकांत घट्ट धरली होती. सगळं सांगितलं. लाल दिसलं होतं, मी मान उचलली होती, आणि तरी एक गोळी झाडली होती.

कुठल्या तोंडानं आलीस असं ती म्हणेल, सुनेला हाक मारेल, असं वाटलं.

"तवा मी रांगत वर येत व्हते," ती म्हणाली. "गुडघे दुकत व्हते म्हनून. उभी ऱ्हाऊन चढले आसते तर?"

मी तिच्या गुडघ्यांकडं पाहिलं.

तिनं चाचपत माझा हात शोधला. "बरं झालं सांगितलंस," म्हणाली. "पर माज्या लेकाला नगं सांगू. तो लई तापट हाय." आणि सुनेला हाक मारून तिनं माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला. तिचा मुलगा शेतातून यायच्या आत मी चहा घेतला आणि निघाले. रिक्षा दिसेपर्यंत मी चार वेळा मागं वळून पाहिलं.